न केलेली सही

मंजू डोंगरवार गोंदियात एका लहान कंपनीत नोकरीला होती. ही कंपनी तलावांच्या गेटांना मोटर आणि ती चालवणारी पेटी बसवून द्यायची. मंजू पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातली. तिच्या पणज्यांनी तिरोड्याच्या बाजूला तलाव बांधले होते आणि तिचे वडील केवळराम बोदलकसा तलावाच्या अलीकडे आपल्या गावच्या तलावाचं गेट सांभाळायचे. त्या गेटला मोटर लागली तेव्हा त्यांनी लेकीला एकच गोष्ट विचारली.

"मोटर तं बसवली तुमी. पर तिले हुकूम कोनी पन देईन तं?"

"कोनी पन नाई देऊ शकत, बाबा. माही सही असन तरच ते आयकते."

ती सही म्हणजेच मंजूचं काम. बाहेरच्या कुणावर अवलंबून न राहता कंपनीने स्वतःचीच सर्टिफिकेट ऑथॉरिटी, म्हणजे प्रमाणपत्रं देणारी यंत्रणा, उभारली होती. तिची मूळ चावी, म्हणजे एक गुप्त फाइल, मंजूने इंटरनेट नसलेल्या संगणकावर तयार केली आणि पेनड्राइव्हवर घालून कपाटात कुलूपबंद ठेवली. गेटला हुकूम देणाऱ्या प्रत्येक संगणकासाठी ती प्रमाणपत्र बनवायची आणि या चावीने त्यावर सही करायची. गेटची पेटी आधी सही तपासायची. ती जुळली तरच मोटर फिरायची.

श्रावणात एका सकाळी मंजू ऑफिसात येऊन बसली. समोरच्या पडद्यावर तिच्याच गावचं गेट वीतभर उचललं गेलेलं दिसलं. थोड्या वेळाने ते आपोआप खाली बसलं. ऑफिसातून तर कुणीच हुकूम दिला नव्हता. तिने हुकूम देणाऱ्याचं प्रमाणपत्र उघडून पाहिलं. नावाच्या जागी नुसतं 'टेस्ट' होतं. खाली सही तिच्या मूळ चावीची होती, आणि ती अगदी खरी होती.

हे प्रमाणपत्र तिने बनवलंच नव्हतं.

सही खरी, म्हणजे चावी कुणाच्या तरी हाती लागली होती. हे एक प्रमाणपत्र रद्द केलं तरी तो माणूस दुसरं बनवणार, आणि गेट त्याचंही ऐकणार. तलाव काठोकाठ भरलेला. खालच्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणा, म्हणजे रोपांची लावणी चालू, बायका ओणव्या होऊन चिखलात उभ्या असणार. तिने वडिलांना फोन लावला. फोन आईने, जमुनाबाईने उचलला.

"बाबा कुठं हाय, माय?"

"गेटवर गेला ना. जाळीत झाडोरा अडकला मने, तो काढाले आत उतरतो मने. फोन घरीच ठेवून गेला. काऊन वो?"

गेटसमोरच्या जाळीतला कचरा काढायचा तर गेटच्या विहिरीत, गेटच्या अगदी तोंडाशी उतरावं लागतं. वर पाणी तुंबलेलं असताना गेट उघडलं, तर पाणी माणसाला भोकाकडे ओढून नेतं.

"माय, कोनाले तरी पाठव! त्याले बाहेर काढाले सांग! पयले बाहेर काढ!"

शेजारच्या टेबलावर भूपेंद्र बसला होता. गेटांच्या जोडणीचं काम तो पाहायचा.

"भूपेंद्र, मूळ चावी तू घेतली होतीस का?"

"मी कायले घेऊ? कपाट तं तुझ्याकडे आहे," तो म्हणाला. पण त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

वाद घालायला वेळ नव्हता. आता एकच उपाय तिला दिसत होता. पेटीला हुकूम मोबाइलच्या सिमकार्डावरून मिळायचे; ते सिमकार्डच बंद करायला पेटीला सांगायचं. मग गेट बहिरं होईल, चोराचंही ऐकणार नाही आणि मंजूचंही. पण तेवढ्यात ते पुन्हा उचललं गेलेलं असेल, तर ते तसंच उघडं राहील आणि तिला इथून बंद करता येणार नाही. तिने हुकूम पाठवला. पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. पेटी बंद झाली म्हणून की हुकूम पोचलाच नाही म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

ती स्कूटी घेऊन निघाली. तिरोड्याचा रस्ता ओला होता, ट्रक अंगावर चिखल उडवत होते. प्रत्येक नाल्यावर ती पाण्याकडे पाहायची आणि लगेच मान फिरवायची. गेट वीतभरच उचललं होतं, असं ती मनाशी म्हणायची, आणि वीतभर तोंडातून केवढं पाणी जातं हे तिला पक्कं ठाऊक होतं. अर्ध्या वाटेत फोन वाजला. भूपेंद्र होता. आवाज रडवेला.

"मंजू, सॉरी यार. तू बहिणीच्या लग्नाला गेली होतीस तेव्हा एका संगणकाच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती. साहेबांनी त्यांच्याकडच्या किल्लीने कपाट उघडून चावी दिली, मी माझ्या लॅपटॉपवर कॉपी केली. टेस्टचं प्रमाणपत्रही तेव्हाच बनवलं. तुमच्या गावच्या गेटवर चाचणी करायचो, उचलायचं आणि खाली सोडायचं. लॅपटॉप सुरू झाला की ते आपोआप चालते."

"मग आज काऊन सुरू केला?"

"मी नाही केला. तो त्यानंतर लगेच बंद पडला, दुरुस्तीला दिला आहे. दुकानदाराने चालू केला असेल."

"जाऊन बंद कर त्याले! आत्ताच्या आत्ता!"

तिने फोन ठेवला. दुकानदाराच्या टेबलावर तिची सही उघडी पडली होती. त्याने लॅपटॉप जितक्या वेळा चालू केला असेल, तितक्या वेळा गेट उचललं गेलं असेल.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माणसं जमलेली दिसली तशी ती स्कूटी तिथेच टाकून धावली. गर्दीत केवळराम बसले होते. कमरेपर्यंत चिखल, दंड सोलून रक्त आलेलं. आईने धाडलेल्या शेजारच्या गीताबाई त्यांच्या अंगावर टॉवेल टाकत होत्या.

"आपोआपच उठून राहिलं होतं गेट," ते म्हणाले. "पाय ओढला गेला. शिडी धरून लटकून राहिलो. मंग बसलं ते खाली. वर याले ताकद नवती, गीताबाईनं पोरं आनले तवा निंगालो."

"आरडला काऊन नाई, बाबा?"

"मले वाटलं तूच उघडलं. तू उघडलं, तं काही कामाचंच असन."

मंजू पाळीवरच बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

पेटीने तिचं ऐकलं होतं. सिमकार्ड बंद पडलं होतं आणि गेट पूर्ण खाली होतं. दुकानात लॅपटॉप त्यानंतरही चालू झाला होता, पण गेट हललं नाही. चावीची आणखी कुणी नक्कल केली की नाही, ते मात्र कधीच कळलं नाही.

तिने नवी मूळ चावी बनवली. तिचा पासवर्ड दोन माणसांत वाटला, म्हणजे एकट्याला सही करता येणार नाही. मग पावसापाण्यात एकेका तलावावर जाऊन, पेटीला वायर जोडून, जुन्या सहीवरचा विश्वास स्वतःच्या हाताने पुसून टाकला. एका तलावाचा रस्ता वाहून गेला होता. तिथे पोचेपर्यंत गावकऱ्यांनी मोटरीची वीजच तोडून ठेवली.

केवळराम आताही जाळी साफ करायला उतरतात. उतरण्याआधी मेन स्विच पाडतात, पेटीला कुलूप लावतात आणि किल्ली कंबरेला बांधतात. पहिल्यांदा मंजूने ते पाहिलं तेव्हा ते जरा ओशाळले.

"तुह्यावर भरोसा नाई असं नाई, पोरी."

"ठेवू पन नको, बाबा," मंजू म्हणाली. ते वर येईपर्यंत ती विहिरीच्या काठावरून हलली नाही.