अप्पांच्या तोंडाचा वास

चुलतबहिणीचं लग्न, सोलापूरचं ऊन आणि भरलेली पंगत... सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी मॅट्रिकला होते. माझे वडील, आमचे अप्पा, बुंदी वाढत होते. कपाळाला भस्म, चहाखेरीज कसलं व्यसन नाही असा माणूस.

अचानक परात हातातून सुटली. अप्पा काहीतरी बोलायला गेले तर जीभच वळेना... तोंड एका बाजूला ओघळलेलं. पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

मोठे काका, म्हणजे नवरीचे वडील, दातओठ खात आईला म्हणाले, "पिऊन आलाय की! व्याह्यांसमोर नाक कापलं माझं." आईने जवळ जाऊन अप्पांच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता... तर काका म्हणाले, "मग भांग आसंल." आणि आम्हाला ते पटलं हो!

आईने मागच्या दाराला टांगा आणवला, बोळाबोळातून घरी. सरकारी दवाखाना फार लांब नव्हता... पण एखादी मैत्रीण बघेल म्हणून मीच मान खाली घालून बसले होते.

घरी लिंबूपाणी पाजलं. तासाभरात अप्पा ठणठणीत! म्हणजे उतरली, झालं... आता वेगळा पुरावा कशाला हवा? ते बिचारे पुन्हा पुन्हा सांगत होते, "मी घेतली न्हाय गं." मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि उठून गेले.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी उठताना अप्पांची उजवी बाजू गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, असं आधी होऊन गेलं होतं का... आईने खाली बघत सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला असणार. आपोआप बरं झालं तरी तो इशारा असतो बाई. तेव्हाच आणलं असतं तर निदान ब्लडप्रेशर तरी बघितलं असतं." लग्नात मला अप्पांची लाज वाटली होती. त्या वॉर्डात स्वतःची वाटली, ती अजून गेलेली नाही.

बऱ्याच दिवसांनी घरी सोडलं. टांगा पुन्हा बोळाकडे वळायला लागला, तशी आई म्हणाली, "भर पेठेतनं घ्या." अप्पांचं वाकडं तोंड तिने पदराने पुसलं आणि ताठ बसली.

काकांच्या दारावरून जाताना अप्पांनी सगळा जोर लावून शब्द जुळवले. "घेतली... न्हाय."

"ठावं हाय मला," आई म्हणाली, आणि भर रस्त्यात रडली.

तोंड वाकडं, हात ढिला, जीभ जड... आमच्या घरात आता असं काही दिसलं, तर कुणी तोंडाचा वास घेत बसत नाही. आधी रिक्षा बोलावतो.