न सुकणारा डबा

डब्यातल्या आर्द्रतेचा आकडा खाली यायला तयार नव्हता. दुपारी कमिटी येणार होती आणि स्क्रीनवर आमचा सिग्नल मेल्यात जमा होता.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमच्या संस्थेचा एक गाळा आहे. शेजारच्या गाळ्यात पत्र्याचे डबे बनतात, आमच्याकडे फार-इन्फ्रारेड इंटरफेरोमीटर. नाव भारी, कल्पना सोपी. तारे जिथे जन्मतात तिथली थंडगार धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यातून उष्णतेचे किरण निघतात. ते बारकाईने बघायला अवाढव्य आरसा हवा. तो वर नेणार कोण? म्हणून दोन छोटे आरसे एकमेकांपासून लांब ठेवायचे आणि दोघांवरचे किरण एकत्र आणायचे. ते नीट जुळले की सिग्नल लयीत चढतो-उतरतो. त्या चढउतारांना आम्ही फ्रिंज म्हणतो. आज फ्रिंज दिसल्या तर यंत्र बलूनमधून आकाशात जाणार, नाही दिसल्या तर प्रोजेक्ट बंद. लग्नानंतरची माझी सगळी वर्षं त्या डब्यात गेली होती.

या किरणांचा वैरी म्हणजे पाण्याची वाफ. ती त्यांना गिळून टाकते, आणि मुंबईच्या हवेत वाफेला काय तोटा. त्यामुळे सगळी मांडणी बंद डब्यात असते आणि आत कोरडा नायट्रोजन खेळवत राहतो. रविवारी दसरा होता. सुट्टी असूनही आमचे टेक्निशियन सावंत संध्याकाळी येऊन गॅस सुरू करून गेले. सोमवारी सकाळी डबा खडखडीत कोरडा मिळायला हवा होता.

"मीटर बिघडलाय," आमचे प्रमुख परब सर म्हणाले.

मीटर बदलला. आकडा तोच.

"मग लीक असणार."

सावंतांनी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला, घरी सिलिंडर बदलल्यावर लावतात तसा. एक बुडबुडा आला नाही. पाणी बाहेरून येत नव्हतं, म्हणजे ते आतच होतं.

"सर, झाकण उघडते."

"वेडी आहेस का मेधा? परत सुकायला किती वेळ जाईल. वाट लागेल आपली."

"ती लागलेलीच आहे, सर."

उघडलं. दुसऱ्या आरशाच्या स्टँडमागे एक टपोरा झेंडू बसला होता. वर हळदकुंकवाचं बोट. बंद डब्यात मजेत ताजा राहिला होता.

शनिवारी यंत्रांची पूजा झाली होती. दरवर्षी होते. पण परब सरांचा दंडक होता: हार, नारळ, हळदकुंकू सगळं डब्याच्या बाहेर. यंत्राला भक्ती कळत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी सावंतांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय मॅडम?" सावंत भडकले. "माजो हार भायर आसा."

परब सर चष्मा पुसत होते. शनिवारी झाकण त्यांनी स्वतः लावलं होतं.

"एका फुलाने काय होतंय, असं वाटलं," ते म्हणाले. "घाबरलो होतो गं."

मला राग आला, चांगलाच आला. पण त्याहून जास्त हायसं वाटलं. महिनाभर मला वाटत होतं, या गाळ्यात भीती फक्त मलाच वाटते.

फूल काढलं, झाकण लावलं, गॅस पूर्ण सोडला. कमिटी वेळेवर आली, हेच काय ते दुर्दैव. एरवी मोजकं बोलणारे परब सर त्या दिवशी ताऱ्यांच्या धुळीवर बोलतच सुटले. सावंत चहावर चहा आणत होते. मी मीटरवरून नजर हटवली नाही. आकडा उतरत उतरत एकदाचा तळाला टेकला, आणि स्क्रीनवर फ्रिंज उमटल्या. मी दिसेल त्या स्टुलावर बसले.

"झेंडूचा वास येतोय का हो?" अध्यक्षांनी विचारलं.

"काल दसरा होता ना," सर म्हणाले.

मंजुरी मिळाली. धडा एवढाच की झाकण लावण्याआधी आत डोकावायचं, मग ते लावणारा कोणीही असो. यंदाच्या पूजेलाही सर फूल घेऊन डब्याजवळ आले. मी नुसता हात पुढे केला. त्यांनी ते निमूटपणे माझ्या हातावर ठेवलं, आणि मी केसात माळलं.