मिसळलेले कळप

पाथरीहून परभणीला निघालेल्या एसटीत शेजारच्या बाईंनी बारावीचं इंग्रजी मांडीवर उघडलं. वय चाळिशीचं, हातांवर काट्यांचे ओरखडे. त्या शेळ्या राखायच्या. अंगणवाडीत लागायचं तर बारावी पास हवी, म्हणून बाहेरून परीक्षेला बसल्या होत्या. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर आहे, हे त्यांनी विचारायच्या आतच मी सांगून टाकलं.

"सर, अनेकवचनाआधी 'द' कवा लावायचा?"

मी घसा खाकरून नियम, उपनियम सुरू केले. मानवत मागे पडलं तरी माझे अपवाद संपले नव्हते. बाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"म्हंजी असं बगा," त्या म्हणाल्या. "शेळ्या पाला खातात. ह्या जगातल्या समद्याच शेळ्या, तिथं 'द' न्हाई. पर पाण्यावर दोन कळप मिसळले, की मी चालीवरून आमच्या येगळ्या काढते. त्या 'द' शेळ्या. बरुबर?"

बरोबर होतं. हेच इतक्या थोडक्यात सांगितलं असतं, तर मला तीस वर्षं पगार कोणी दिला असता?

परीक्षा केंद्राच्या फाटकाशी त्या उतरल्या. शिपायानं काठी आडवी धरली. "ओ मावशी, पालक भाईर! परीक्षेवालेच आत."

बाईंनी हॉलतिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "नीट बग की. ह्यांच्यातलीच हाय मी."

त्या पोरापोरींच्या घोळक्यात शिरल्या. बस सुटली तेव्हा उडालेल्या धुळीत सगळ्यांच्या पाठी सारख्याच दिसत होत्या, पण मी त्यांना चालीवरून ओळखलं.