खिडकीतून ऐकलेला युक्तिवाद

सुरतेतल्या त्या सकाळी आठवायला बसले की एकीत दुसरी मिसळते. लॉ कॉलेज सकाळचं. डिंडोलीच्या घरून निघताना डोळ्यांत अर्धी झोप असायची आणि शेअर रिक्षात डुलत डुलत मी करार, पुरावा, जामीन असं काहीबाही पुटपुटत असे. शेजारच्या मावशींनी एकदा विचारलं, "बेन, शेनो जाप करो छो?" कसला जप करतेस म्हणे! मला राग आला. तेव्हा मला कशाचाही राग यायचा. पण खरं म्हणजे तो जपच होता. वकील व्हायचं मला इतकं वेड होतं की झोपेतही मी कुणाची तरी बाजू मांडत असायची.

आबा, म्हणजे माझे वडील, खानदेशातून इथे माग चालवायला आले. मागांच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. खात्यात पाऊल टाकलं की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून तिथे कुणी ओरडतही नाही. घसा फोडून उपयोग काय? आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, जरा मोठे, जरा सावकाश, आणि समोरच्याने ते वाचायचे. लहानपणी दुपारचा डबा घेऊन मी जायची तेव्हा आम्ही बापलेक तिथे पोटभर बोलायचो. भाजी कसली, आई का चिडली, शाळेत कुणाशी भांडण झालं, सगळं. कवडशातून सुताची धूळ तरंगत असायची आणि मला वाटायचं, पाण्याखालची माणसं अशीच बोलत असणार. पुढे आबांचे कान गेले, तसं आमचं घरातलं बोलणंही बरंचसं बिनआवाजाचं झालं.

शेवटच्या वर्षी कॉलेजात अभिरूप न्यायालय भरलं. खटला खोटा, युक्तिवाद खरे. न्यायाधीश म्हणून शहरातले एक नावाजलेले वकील येणार होते आणि त्या दिवशीचं बोलणं ऐकून ते एकाला ज्युनियर म्हणून ठेवून घेणार होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आई रोज ऐकवायची. पण ती पायरी चढायलाही ओळख लागते, आणि आमच्या ओळखीत सगळे मागवाले. ही एकच वाट होती.

त्याच सुमाराला शिरपूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता, हीच पंचाईत. माणसं उत्तरासाठी थांबली होती. आबांनी मधला मार्ग काढला. "वकीलसाहेबनी ठेवं तं त्यासले नही सांगू. नही ठेवं तं हो." मला ते तेव्हा न्यायाचंच वाटलं. मी जेवण सोडून कलमं पाठ करायला लागले.

माझा अशील मागावरचा कामगार होता. आडवं सूत नेणारा धोटा मागातून उडून त्याच्या डोळ्याला लागलेला आणि मालक भरपाई द्यायला तयार नाही. त्या दिवशी वर्ग भरलेला, पंखे संथ फिरत होते, खिडकीबाहेर कडुलिंब हलत होता. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांच्या खुर्चीमागच्या खिडकीत, गजांना धरून, आबा उभे होते. आत यायला लाजले असणार. इस्त्रीचा सदरा घालून, अगदी खात्यात माझ्याकडे बघायचे तसे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी बोलू लागले. इतकं सुंदर मी कधीच बोलले नव्हते. शब्द आपोआप येत होते, वर्ग कुठे तरी लांब राहिला होता. आबा मान डोलवत होते. साहेब आधी कागदात पाहत होते, मग त्यांनी वर पाहिलं, मग पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. किती सभ्य माणूस, असं मनात येऊन मी आणखी रंगले. मागे कुणी तरी हसलं. मग सगळेच हसले.

"बेन," साहेब पुढे झुकून म्हणाले, "कंई संभळातुं नथी."

काहीच ऐकू येत नाही. मला आधी त्यांचीच कीव आली. मग मी गळ्याला हात लावून पुढचं वाक्य म्हटलं, तर गळा हललाही नाही. इतका वेळ मी खात्यातल्यासारखे नुसते ओठ हलवत होते. आवाज काढून एक वाक्य बोलले, तेही चिरकं, आणि वेळ संपल्याची घंटा झाली. ज्युनियरची जागा माझ्या पुढच्याच वक्त्याला मिळाली. तो चांगला बोलला, हेही सांगायला हवं.

बाहेर आबा उजळलेल्या चेहऱ्याने उभे. "मस्त बोलनी तू, माय. पन लोके कसाले हासनात? जागा भेटनी ना?"

रिक्षाच्या नाक्यापर्यंत मी त्यांच्या पुढे, पाठ करून चालले. मग त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "आबा, मना आवाजच नही निंघना. कोनलेच काही आयकू नही उनं."

आबा थबकले. थट्टा करते का, असं माझ्याकडे बघत राहिले.

"मंग मी काय आयकं?"

आणि त्यांनी ते सांगायला सुरुवात केली. मालकाने मागाला जाळी बसवली नव्हती. कामगाराने आधी मागितली होती. डोळा गेलेल्या माणसालाच बेफिकीर म्हणणं हा कुठला न्याय? माझा अख्खा युक्तिवाद, एकही मुद्दा न गाळता, अहिराणीत, बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात. रिक्षावाले वळून बघू लागले. एकाने तर इंजिनच बंद केलं. मला रडू आवरेना. लाज होती की अभिमान, कोण जाणे, दोन्ही होतं.

बोलून झाल्यावर आबांनी सदऱ्याने तोंड पुसलं.

"शिरपूरवालासले नही सांगी देसू," ते म्हणाले. "तुनं बोलनं आजून बाकी शे."