वरचा गट, खालचा गट

आमच्या बाहेरच्या खोलीत एक फोटो आहे. त्यात माझा नवरा उघडाबंब उभा आहे, पंचाने त्याचा एक हात वर धरलाय आणि तोंडावर सगळं जग जिंकल्याचा माज आहे. भिंतीवर लागल्यापासून तो फोटो मीच पुसते. हल्ली पुसताना तोंडावरची धूळ मुद्दाम तशीच ठेवते.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना करणार नाही.

गल्लीत सगळे त्याला चॅम्पियन म्हणतात. दिवसभर लाँड्रीत इस्त्री करतो, संध्याकाळी हॉलवर मुष्टियुद्ध शिकवतो, आणि उरलेल्या वेळात लाँड्रीसमोरच्या बाकावर बसून जगातल्या मोठमोठ्या मुष्टियोद्ध्यांची उणीदुणी काढतो. कोण कुणाला घाबरून होता, कुणी दुखापतीचं सोंग केलं, कुणी समोरचा म्हातारा होईपर्यंत वाट पाहिली. सगळ्यांना शेपूट घालणारे ठरवून झालं की छाती फुगवून म्हणतो, "खरा चॅम्पियन तगडा गडी शोधत जातो. पळतो तो चॅम्पियन कसला?"

हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण मला डावरा माहीत आहे.

डावरा म्हणजे नाल्यापलीकडचा प्लंबर, तोही मुष्टियोद्धा, डावखुरा. दोघं एकाच वयाचे, एकाच वजनाचे, दोघांचीही पदकं मोजायला नकोत इतकी. पण एकमेकांसमोर कधी उभे राहिले नाहीत. नवऱ्याला विचारलं की म्हणायचा, "योग नव्हता. आणि त्याच्या त्या डाव्या ठोशात काही दम नव्हता."

योग कसला डोंबलाचा! मी नवी नवरी असताना एका सकाळी डावरा आमच्या दारात आला. पान्ह्यांची पिशवी खाली ठेवली आणि अदबीने विचारलं, "वहिनी, यंदा ते कुठल्या वजनी गटात खेळतायत?" मी ऐटीत सांगितलं, "खालच्या." नवरा घरी आल्यावर त्याला ही गंमत सांगितली, तर त्याचा चेहराच उतरला. तोवर तो उकडलेल्या भाजीवर दिवस काढत होता. त्याच संध्याकाळी त्याने अंडी, बटाटे, दूध, लोणी सगळं मागायला सुरुवात केली. म्हणाला, "शरीर मागतंय." शरीराने इतकं मागितलं की स्वारी वरच्या गटात गेली.

पुढच्या वर्षी डावऱ्यानेही वजन वाढवलं आणि पुन्हा दारात आला. मी म्हटलं, "वरच्या." झालं! लगेच लोणी बंद, दूध बंद. अंगाला प्लास्टिक गुंडाळून हा धावतोय, आणि लाँड्रीत गठ्ठे तोलायच्या काट्यावर तासातासाला चढतोय. फोटोतला तो विजय त्याच वर्षीचा, खालच्या गटातला. हा जिंकला तेव्हा डावरा वरच्या गटात दुसऱ्याच कुणाला तरी झोपवत होता. बाकीच्यांना यातलं काही कळलं नाही. पण स्वयंपाक माझ्या हातात होता, मला कसं नाही कळणार?

तरी मी गप्प बसले. नवऱ्याचा पळपुटेपणा चव्हाट्यावर कोण आणतं? पण मनातून तो उतरला तो उतरलाच.

मग आमची मुलगी खेळायला लागली. बापाच्या हाताखाली शिकली, पण वार झेलायची हिंमत तिची स्वतःची. यंदा तिच्या गटात एक पोरगी होती, डावखुरी, आणि शिष्या कुणाची तर डावऱ्याची. बापाने ते ऐकलं आणि जेवताजेवता, जणू सहज, म्हणाला, "दोन किलो उतरव. खालच्या गटात पदक ठेवलेलंच आहे."

मुलगी म्हणाली, "मला तिच्याशीच खेळायचंय."

"मी सांगतो ते ऐक. कळतं मला यातलं."

ती बिचारी ऐकायला लागली. उकडलेल्या भाजीची ताटली बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा आता पोरीलाही आपल्यासारखं करणार. तिनेही उद्या असाच फोटो लावायचा आणि आयुष्यभर बाकावर बसून थापा मारायच्या?

वजनाच्या आदल्या दिवशी मी लोण्यात बटाटे परतले, सहा अंड्यांचं ऑम्लेट केलं, वर पावाची लादी. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ती तुटून पडली.

तेवढ्यात हा आला. "अगं, उद्या तिचं वजन आहे!"

"म्हणूनच वाढतेय," मी म्हटलं. "तुमची खायची-उपाशी राहायची कारणं मी पाठ करून ठेवलीत. पोरीला ती शिकवायची नाहीत."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्याला वर्मावर मारलं होतं, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

सामन्याला तो आला नाही. लाँड्रीला सुट्टी होती, तरी म्हणाला, "इस्त्री राहिलीये." डावरा मात्र समोरच्या कोपऱ्यात होता, केस पिकलेले. मला पाहून हसला. "वहिनी, यंदा गट नाही बदलला?" मी म्हटलं, "नाही."

मुलगी हरली. पण तिन्ही फेऱ्या उभी राहिली, एकदा पडून उठली.

घरी आलो तर हा फोटोखाली बसलेला. पोरीचा सुजलेला गाल बघून म्हणाला, "सांगितलं होतं मी."

"बाबा," ती म्हणाली, "डावऱ्याच्या डाव्यात दम नाही म्हणता. तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी खाल्लाय?"

मी बर्फ आणायला आत गेले. मला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि हळूच विचारलं, तरी मला ऐकू आलंच, "कसा लागतो गं?"

"ते विचारून नाही कळत, बाबा."