चूलबंदचं आवतण

आमच्या कॉलनीतला खड्डा वाढत होता, तेव्हाचे दिवस मला फार आनंदाचे गेले. हे लिहितानाही अपराध्यासारखं वाटतं. जमीन खचत होती, शेजारीच जमिनीखाली गॅसची टाकी होती, म्हातारी माणसं शाळेच्या फरशीवर झोपत होती, आणि मी मात्र रोज सकाळी उठून आधी खड्डा बुजवला तर नाही ना, हे पाहून येत होतो. बुजवलेला नसला की मला हायसं वाटायचं. शेजाऱ्यांना वाटे, सर किती काळजी करतात.

कॉलनी अमरावतीच्या अगदी कडेला आहे. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे आम्ही नोकरदार लोक, पलीकडे भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या माळी कुटुंबांची शेतं. रस्त्याच्या वळणावर ऑटोरिक्षांना गॅस भरून देणारा पंप आहे. त्याची टाकी जमिनीत पुरलेली आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पण जे दिसत नाही त्याची आठवण कोण ठेवतो? पंपाच्या भिंतीला लागून कॉलनीची मोकळी जागा. तिथे एक कडुनिंबाचं रोप, मुलांच्या क्रिकेटची पट्टी आणि कुणा पुढाऱ्याने दिलेला सिमेंटचा बाक.

दिवाळीनंतर तिथे परातीएवढी जमीन खाली बसली. उंदरांचं काम असेल म्हणून आम्ही दोन घमेली मुरूम टाकला. मुरूम गेला. मग कडुनिंब जाळीसकट गेला. एका सकाळी बाक अर्धा बुडालेला दिसला; दात्याचं नाव तेवढं वर राहिलं होतं, दुसऱ्या दिवशी तेही गेलं. त्यावर कॉलनीत बरेच विनोद झाले. पण भेग पंपाच्या भिंतीपर्यंत पोचली तेव्हा विनोद थांबले.

अधिकारी आले, अग्निशमनची गाडी आली, पंपाच्या कंपनीचे इंजिनिअर आले. त्यांनी सांगितलं की ले-आउट पडण्याआधी इथे शेत होतं, शेतात विहीर होती, ती कुणीतरी कचरा टाकून अर्धवट बुजवली होती. आता पाण्याचा पाइप फुटून सगळी माती त्या विहिरीत उतरत होती. टाकीच्या एका बाजूची मातीही सरकली होती. गॅस कुठे गळत नव्हता, पण टाकी कलली तर काय होईल, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. टाकी रिकामी करायला खास टँकर लागणार होता आणि तो बाहेरून यायचा होता. तोवर पंपालगतच्या आमच्या गल्लीभोवती दोरी बांधली. वीज तोडली, सिलिंडर दोरीबाहेर न्यायला लावले. झोपायला जवळची शाळा, दिवसा सामान घेण्यापुरतं घरी यायचं, आणि आगीची काडीसुद्धा ओढायची नाही.

ही सूचना द्यायला भोंगा लावलेला ऑटो फिरला. ऑटोवाल्याला सरकारी भाषेतलं लांबलचक वाक्य वाचायला दिलं होतं. दोन फेऱ्यांत तो कंटाळला आणि नुसतंच ओरडायला लागला, "चूलबंद! कॉलनीत चूलबंद! सर्वांनी लक्ष द्यावं, चूलबंद!"

त्या वेळी माझी बायको डब्यांची कणीक मळत होती.

हे डबे म्हणजे आमच्या घरातलं नवं प्रकरण होतं. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, आणि बायकोने स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या पोरापोरींना डबे द्यायला सुरुवात केली. अचलपूरची, वरूडची, तिवश्याची मुलं. आमच्या मागच्या वस्तीत खोल्या करून राहणारी. वर्षभरात वीस-पंचवीस डबे झाले. ती पहाटे उठून गुणगुणत भाजी चिरायची. पूर्वी कधी गुणगुणत नसे. मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र 'सरांच्या घरी खानावळ आहे' हे वाक्य ऐकू यायचं. ते माझ्या कॉलेजात प्रत्यक्षात कुणीच बोललेलं नव्हतं.

"अहो, माहे हात कणकेचे हायेत," ती म्हणाली. "ग्रुपवर टाका, आजचा डबा जरा उशिरा येईन म्हणा. मी कुठं ना कुठं करतो सोय."

तिचा फोन घेऊन मी लिहिलं: 'अपरिहार्य कारणामुळे काकूंचे डबे बंद आहेत. आपापली सोय दुसरीकडे करावी.' आणि पाठवून दिलं. कारण खरंच अपरिहार्य होतं, अशी मी माझी समजूत घातली. खरं सांगायचं तर भोंगा ऐकल्याबरोबर मला पहिल्यांदा भीती वाटली नव्हती. सुटल्यासारखं वाटलं होतं.

संध्याकाळी आम्ही गल्लीवाले दोरीपाशी सामान घेऊन उभे होतो. कुणी सिलिंडर लेकरासारखं कडेवर घेतलेलं, कुणी देव पिशवीत बांधलेले. इतक्यात रस्त्यापलीकडून एक कुटुंब आलं. पुढे हिरवं लुगडं नेसलेली आजी, मागे मुलगा, सून, पावडर लावलेली नातवंडं. मुलाच्या डोक्यावर वांग्यांची टोपली. समोरच्या शेतातले माळी. आजीला मी रोज पाहत असे, बोललो मात्र कधी नव्हतो.

पोलिसाने अडवलं. "कुठं चालल्या, आजी?"

"कुठं म्हंजे? जेवाले."

"जेवाले? इथं?"

"मंग? सकाळपासून तो भोंगेवाला चूलबंद चूलबंद वरडून राहिला ना! आमी बी सकाळपासून चूल नाई पेटवली. लेकरं उपाशी ठेवले." तिने आमच्याकडे पाहिलं. "काहून बाप्पा, पंगत कोणीकडं हाय?"

आमच्याकडे कुणाच्या घरी कार्य असलं की जवळच्यांना चूलबंद आवतण देतात. म्हणजे घरातल्या एकट्यादुकट्याने यायचं नाही. लहानथोर सगळ्यांनी यायचं, तुमच्या घरी त्या दिवशी चूल पेटता कामा नये. यापेक्षा मोठं आमंत्रण वऱ्हाडात नाही. आजीने सरकारी हुकूम ऐकला आणि तिला वाटलं, कॉलनीने गावजेवण घातलंय.

पोलिसाने तिला खड्डा, टाकी, गॅस सगळं समजावलं. आमच्यापैकी कुणी वर पाहेना. हसूही येईना.

"असं हाय काय," आजी म्हणाली. "मले वाटलं, एवढे वर्सं झाले या लोकाइले इथं येऊन, आज सुचलं याइले."

ते मला लागलं. कॉलनीच्या गणपतीच्या जेवणाची यादी मीच करत असे. रस्त्यापलीकडचं एकही नाव तिच्यात कधी आलं नव्हतं.

मग आजीच हसायला लागली. आधी खांदे हलले, मग लुगड्याचा पदर तोंडात, मग ती दोरी धरून वाकली. तिचं पाहून सून हसली, पोलीस हसला आणि मग आम्ही सगळेच.

"म्हंजे तुमची बी चूल बंद, आमची बी बंद! मंग जेवतं कोण रे, तो गड्डा? चाला सारे. आता माह्या घरचं चूलबंद समजा. लेकरं, बुढे, सारे चाला."

"आजी, आम्ही पन्नासएक माणसं आहोत," मी म्हणालो.

"मास्तर, तुमाले मोजाले नाई बोलावलं. जेवाले बोलावलं."

अग्निशमनच्या माणसांनी शेत पाहिलं, अंतर पाहिलं, वारा कुठून आहे ते पाहिलं आणि तिथे आग पेटवायला हरकत नाही असं सांगितलं. त्या पंगतीला ते स्वतःही होते. आजीच्या शेतातल्या विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या रचल्या. कॉलनीतल्या बायकांनी रोडग्यांसाठी कणकेचे गोळे वळले, माळ्यांच्या सुनेने मोठ्या पातेल्यात वांग्याची भाजी टाकली. निखाऱ्यात भाजलेले रोडगे फडक्यात घेऊन चोळायचे, राख झाडायची, फोडून तूप सोडायचं. आमच्या शेजारचे निवृत्त तहसीलदार राखेने माखलेल्या हातांनी ओरडत होते, "अरे, याइकडे वरण फिरवा!" बारा वर्षांच्या शेजारात मी त्यांचं मोठ्याने बोलणं पहिल्यांदा ऐकलं.

आणि माझी बायको? ती परात कडेवर घेऊन रस्ता ओलांडून आधीच पोचली होती.

"माय, तुमच्या चुलीवर माह्या पोट्ट्याइचे डबे करू देता काय?"

"चूल का पळून जाते? कर ना. रोज कर."

ती पोळ्या लाटायला बसली. मी पाहत उभा राहिलो. जी पोरं आता येणार नाहीत त्यांच्यासाठी ती भराभर पोळ्या लाटत होती. मी तोंड उघडलं आणि वरण वाढायला निघून गेलो.

पोरं आली. सगळी नाही, पण बरीच आली. खड्डा पाहायला आली असतील आणि वास घेत इकडे वळली असतील, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. शेतातच जेवायला बसू लागली, जेवताना आजीला प्रश्न विचारू लागली आणि आजी त्यांना.

"कायची परीक्षा देतं, बाई?"

"तलाठ्याची, आजी."

"हो मंग लवकर. आमच्या सातबाऱ्याचं काम हाय."

टँकर येता येत नव्हता. आज येणार, उद्या येणार. आमची गल्ली सकाळी शाळेतून उठायची आणि शेताकडे चालू पडायची. मी मेथी निवडायला शिकलो. कॉलेज सुटलं की डबे स्कूटरला अडकवून पोहोचवू लागलो, कारण बायकोला वेळ नव्हता आणि मला अपराधी वाटत होतं. लोक आता मला 'डबेवाले सर' म्हणत होते, प्रत्यक्षात, तोंडावर. गंमत म्हणजे ते मला आवडायला लागलं.

फक्त चार-पाच डबे कुणी न घेतल्यामुळे भरलेलेच परत यायचे. बायको ते उघडून भाजी पुन्हा पातेल्यात ओतायची. ते पाहणं मला जड जायचं. शेवटी एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलताना मी सगळं सांगून टाकलं. मेसेज, भोंगा, सुटल्यासारखं वाटणं, खानावळ हा शब्द. शेवटी म्हणालो, "तुझी पोरं माझ्यामुळे गेली."

तिने शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले. "फोन कोणाचा हाय?"

"तुझा."

"मंग? मले वाचता येत नाई काय? त्याच संध्याकाळी दुसरा मेसेज टाकला मी, शेतात या म्हणून. नाई तं हे पोट्टे का तुमचं थोबाड पाहाले आले?"

"तू बोलली का नाहीस?"

"पाहून राहिली होती, किती दिवस मेथी निवडता ते."

पलीकडे आजी पदरात तोंड घालून हसत होती. तिलाही ठाऊक होतं. सगळ्या शेताला ठाऊक होतं.

"आता ऐका," बायको म्हणाली, आणि आवाज बदलला. "पाच पोरं तुमच्या मेसेजवर दुसऱ्या मेसले लागले. त्याइनं माहं दुसरं वाचलं नाई, नाई तं त्याइले खरं नाई वाटलं. मी बोलवाले जाणार नाई. मी त्याइले तोडलं नव्हतं. तुमी जा."

मी गेलो. वर्गात शिकवणारा माणूस, पण त्या खोल्यांचे जिने चढताना काय बोलायचं ते पुन्हा पुन्हा घोकत होतो. पहिल्या खोलीत दर्यापूरचा एक मुलगा गादीवर पुस्तकं पसरून बसला होता. मी उभ्यानेच म्हणालो, "डबे बंद झाले नव्हते. ते मी लिहिलं होतं. चूक माझी. काकूंनी बोलावलंय." मग सुधारून म्हणालो, "म्हणजे मी बोलावतोय."

त्याने पुस्तक मिटलं. "सर, आता जिथं जातो ना, तिथं भाजी कशाची हाय ते विचारून खा लागते."

"आज वांग्याची आहे."

"मी चप्पल घालतो."

चार जण आले. एक मुलगी म्हणाली, तिकडे जेवण बरं आहे, मी राहते. मी तसंच येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "राहू द्या. बऱ्याच जेवणाले कोण नाव ठेवते?" पण संध्याकाळी तिने त्या मुलीसाठी माझ्याजवळ चटणीची पुडी दिलीच.

आणखी काही दिवसांनी टँकर आला. रस्ता अडवून टाकी रिकामी केली, विहीर तळापासून दगड-मुरमाने भरली, पाइप बदलला. दोरी सुटली. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण मन लागत नव्हतं. आता बायको पुन्हा आमच्या बंद स्वयंपाकघरात एकटी उभी राहणार, पोरं पुन्हा फाटकातून डबा घेऊन जाणार, आजी पुन्हा रस्त्यापलीकडची होणार. आणि अशा बंद घरालाच मी आजवर घर म्हणत आलो होतो.

बायको सामान आवरायला आली नाही. ती शेतातल्या टिनाच्या शेडखाली आजीच्या मुलाशी बोलत होती: भिंत कुठे घालायची, पाणी कुठून घ्यायचं, भाजी इथलीच घ्यायची. मला पाहून म्हणाली, "मी डबे आता इथूनच करतो. तुमाले विचारून नाई राहिली, सांगून राहिली."

"चांगलं आहे," मी म्हणालो. मनापासून म्हणालो, हे तिला कळलं की नाही कोण जाणे. तिने एक विळा मागितला, मी दिला.

घरी आलो. इतक्या दिवसांनी शेगडी पेटवली आणि आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांचा चहा केला. आलं किसून टाकलं. साखर किती ते विचारायला कुणी नव्हतं, म्हणून अंदाजाने टाकली. थर्मास घेऊन रस्ता ओलांडला. आजीने पहिला घोट घेतला, थांबली, कपात पाहिलं.

"सूनबाई," तिने माझ्या बायकोला हाक मारली, "मास्तरनं केला हा? मंग याइले उद्यापासून मेथीच निवडू दे."

तरीही तिने दुसऱ्यांदा कप पुढे केला.