विभूती लावलेलं चाक

आमची एकच मोटार होती आणि ती सोलापूर-वैराग रस्त्यावर उतारू घेऊन धावायची. त्या वर्षी त्या रस्त्याचे परवाने नव्यानं द्यायचं ठरलं. सोमवारी कचेरीच्या मैदानात ज्याची मोटार चालू स्थितीत उभी राहील त्याचाच विचार होईल, असं अप्पांना, माझ्या वडिलांना, सांगण्यात आलं होतं. वैरागच्या एका व्यापाऱ्यानं दोन कोऱ्या मोटारी आणल्या होत्या. आमच्या मोटारीचं इंजिन मात्र शनिवारी दुपारी अंगणात गोणपाटावर उघडं पडलेलं होतं.

बाकी सगळं जुळवून झालं होतं, दोन दातेरी चाकं तेवढी राहिली होती. लहान चाक क्रँकच्या दांड्याच्या टोकावर बसायचं, मोठं त्याच्या शेजारी. दोन्हींवर एकेक ठिपका होता. ठिपके समोरासमोर आले तरच झडपा वेळेवर उघडतात, नाहीतर इंजिन चालत नाही. लहान चाकाचं भोक मुद्दाम तंग ठेवलेलं असतं. तेलात तापवलं की ते जरासं फुगतं आणि दांड्यावर सरकतं.

मी इंग्रजी शाळेत शिकले होते, म्हणून मोटारीबरोबर आलेली पुस्तिका वाचायला अप्पांनी मला ओट्यावर बसवलं होतं. परक्या पुरुषांपुढे माझा आवाज फुटत नसे. तरी वाचून सांगितलं, "चाक तेलातून काढल्यावर थांबायचं नाही. एका दमात बसवायचं."

"व्हय व्हय, ऐकलं," अप्पा म्हणाले. "पर पूजा झाल्याबिगर न्हाय."

इंजिन जुळवणारा मिस्त्री हसला. तो दखनी बोलायचा आणि अप्पांना अण्णा म्हणायचा. "अण्णा, मोटार को बाशिंग बी बांधते क्या?"

"बांधू की. वऱ्हाड हीच नेती."

त्या घटकेला सगळेच हसले. माझी आई, अव्वा, तीही पदराआड हसली.

मिस्त्रीनं सांडशीत धरून चाक तेलाच्या कढईतून वर काढलं. अव्वानं बेलाच्या पानानं त्याला विभूती लावली. पान कडेनं करपलं. अप्पांनी नारळ आपटला, तो फुटला नाही. पुन्हा आपटला, तरी नाही. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी अव्वाला देवघरातला दुसरा आणायला सांगितलं.

"अण्णा, ठंडा हो रा," मिस्त्री म्हणाला.

दुसरा नारळ फुटला. मिस्त्रीनं चाकाजवळ हात नेऊन पाहिला आणि मान हलवली. "फिर से तेल में डालना पडता."

अप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. "विभूती लावलीय त्याला. परत तेलात बुडवून धुवायची? सोमवार तोंडावर असताना?"

मी म्हणाले, "अप्पा, पुस्तिकेत..."

"तू गप बस."

मी पुस्तिका मिटली. आमच्या घरात विभूती अशी पुसत नसत. अंगावरची घामानं गेली तर गेली. मिस्त्रीनं खांदे उडवले आणि चाक दांड्यावर सरकवलं. ते अर्ध्यापर्यंत गेलं आणि तिथंच आवळून बसलं, पुढे जाईना आणि मागे येईना. त्यानं पितळेचा तुकडा मधे धरून हातोडा घातला. चौथ्या की पाचव्या घावाला बारीकसा आवाज झाला आणि एक दात गोणपाटावर पडला.

कोणी कोणाला दोष दिला नाही. तसं चाक मुंबईशिवाय मिळत नव्हतं.

सोमवारी अप्पा कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून पायीच मैदानात गेले. परतल्यावर रुमाल खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. परवाना वैरागवाल्याला मिळाला.

नवं चाक आलं तेव्हा मिस्त्रीनं ते कढईतून काढून सरळ बसवलं. ठिपके जुळले. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं. त्यानंतर रोज सकाळी अप्पा ते सुरू करत, शेजारी उभे राहून ऐकत आणि बंद करत. अव्वा एकदा म्हणाली, "कशाला जाळता पेट्रोल?" ते म्हणाले, "बघतो की, चालती का."

एका सकाळी आवाज ऐकून वैरागची एक म्हातारी फाटकातून आत आली. मोटारीत चढली, बोचकं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "बरं झालं बाबा. त्या नव्या मोटारीत लई रेटारेट. कवा सुटायची?"

अप्पांनी इंजिन बंद केलं. "मावशी, ही जात न्हाय आता वैरागला."

"चालू हाय की!"

"चालू हाय," ते म्हणाले. त्यांनी तिचं बोचकं खाली घेतलं, तिला हात देऊन उतरवलं आणि नव्या मोटारीच्या थांब्यापर्यंत पोचवून आले. दुसऱ्या दिवशी ते अंगणात गेले नाहीत.